तिसऱ्या तुकड्याची वरची बाजू

त्या दिवशी दुपारी माझा समुद्र कचऱ्यात जायचा होता, आणि सकाळी घरात दोन किलो साखर आली. डिलिव्हरीवाला पिशवी देऊन लिफ्टकडे वळलासुद्धा, तेव्हा ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईने विचारलं, "साखर कुणी मागवली?" शिवांगीने, म्हणजे माझ्या मुलीने, फोनमधून डोकं न काढता सांगितलं, "मी. तूच म्हणाली ना आजी, साखरेचा डबा खाली आहे." आईने कपाळावर हात मारून घेतला. डबा खाली होता, म्हणजे खालच्या फडताळात होता, आणि तोंडापर्यंत भरलेला होता. "अगं बये, खाली म्हणजे खाली!" "हां तो, खाली. मतलब एम्प्टी. म्हणून तर मंगवली." "त्याला रिकामा म्हणतात, रिकामा! आणि मंगवली नाही, मागवली." शिवांगीने खांदे उडवले. "अच्छा, सॉरी यार आजी." मग आजीला यार म्हणतात का, इथून आईने नव्याने सुरुवात केली. पुढचं मला ऐकू आलं नाही. मी दारात एका पायात चप्पल घालून उभी होते. दुसरी चप्पल समोर पडली होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

नोएडातल्या एप्रिलमध्ये मानेमागे गार वाटायचं काही कारण नाही. पण वाटलं. डोळ्यांसमोर एक पांढरं प्लास्टिकचं टोपण आलं, पंजाएवढं, कडेला पिवळट पडलेलं, आणि त्यावर निळ्या मार्करने लिहिलेला एक शब्द. अक्षर घाईचं, शेवटची वेलांटी टोपणाच्या कडेवरून ओघळलेली. तो शब्द मी इतक्या वेळा पाहिला होता की तो शब्द आहे हेच विसरले होते. भिंतीवरचा डाग असावा तसा तो तिथे होता. आता तो डाग बोलायला लागला होता, आणि बोलत होता आईच्या आवाजात. खाली म्हणजे खाली. हे आनंदाचं आहे की भीतीचं हे ठरवायच्या आत आईने हाक मारली, "मयुरा, जायचंय ना आज वेळेवर? आजच ना तुझं ते?" मी दुसरी चप्पल घातली आणि निघाले. जेवणाचा डबा ओट्यावरच राहिला.

माझा समुद्र म्हणजे पाच मीटर चिखल. कोकण किनाऱ्यापासून बरंच आत, अरबी समुद्राच्या तळात एक जड नळी सोडून तो वर काढलेला आहे. जहाजावरच त्याचे करवतीने मीटर-मीटरचे पाच तुकडे केले, प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना टोपणं लावली, आणि रेल्वेने, ट्रकने हिंडत हिंडत ते फरिदाबादला आमच्या संस्थेच्या कोल्ड स्टोरमध्ये येऊन पडले. मी त्या जहाजावर नव्हते. शिवांगीला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या. लोक मला विचारतात, मॅडम, दिल्लीत समुद्राचं काय काम? लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरने तोंडात आरसा घालून विचारलं. मी सांगते, आमच्याकडे समुद्र फ्रीजमध्ये असतो. हसतात. पण खरंच असतो. समुद्र रोज थोडं थोडं तळाशी टाकत असतो, नदीची माती, वाऱ्याची धूळ, मेलेल्या बारीक जिवांची कवचं, आणि तो काही विसरत नाही. पावसाळा जोरकस असला की पाणी खालून वर ढवळतं, जीव माजतात, मरतात, आणि तळाशी काळा, चकाकणारा थर बसतो. पावसाळा हरला की थर फिकट होतो, शिळ्या भाकरीसारखा. असे थर एकावर एक. जुनं तळाशी, नवं वर. याहून सोपा नियम जगात नाही, आणि माझ्या चिखलाने नेमका तोच मोडला होता.

पाचांतले चार तुकडे शहाणे होते. तिसरा वेडा. त्यातल्या चिखलाचं वय काढलं तेव्हा वरच्या टोकाचा चिखल जुना निघाला आणि तळाकडचा नवा. असं झालं की शास्त्रात त्याला एकच सभ्य नाव आहे, पाण्याखालची दरड. म्हणजे उतारावरचा चिखल कधीतरी घसरला, उलटापालटा झाला आणि येऊन पडला, त्याला काही विचारण्यात अर्थ नाही. माझ्या सहकाऱ्याने, परीक्षितने, त्याचं 'मयुरा जी का मलबा' असं नामकरण केलं, मलबा म्हणजे ढिगारा. परीक्षित माथुर लखनौचा आहे, अपमानसुद्धा 'जी' लावून करतो. आणि मी आठ वर्षं एकच वाक्य बोलत राहिले, की हा मलबा नाही. घसरलेल्या चिखलात थर दुमडतात, फाटतात, एकमेकांत घुसतात. माझ्या तिसऱ्या तुकड्यातले थर इस्त्री करून ठेवल्यासारखे शांत आहेत. तारखा एक सांगत होत्या आणि थर दुसरं. सगळ्यांनी तारखांवर विश्वास ठेवला, कारण तारखा आकड्यांत असतात. मी थरांवर ठेवला, आणि हळूहळू कॉन्फरन्समध्ये माझ्या पोस्टरपाशी थांबणारे लोक चहाच्या टेबलाकडे बघत थांबायला लागले. आज सक्सेना सर, आमचे विभागप्रमुख, त्या चिखलावर 'विस्कळीत' असा शेरा मारणार होते. मग ते रॅक रिकामं होणार, प्रकल्प बंद होणार, आणि उरलेली नोकरी मी बोअरवेलच्या पाण्याचे रिपोर्ट करत काढणार. बोअरवेलच्या पाण्याशी माझं काही वैर नाही. पण जीव त्यात नाही.

कॅब कालिंदी कुंजच्या पुलावर अडकली. खाली यमुनेवर पांढरा फेस साचला होता आणि काचेतूनही तो वास आत येत होता. तुकडा उलटा तर उघडला नाही ना, हे मी विचारलं नव्हतं असं नाही. गेल्याच वर्षी विचारलं होतं. परीक्षितने न चिडता उघडतानाचे फोटो दाखवले होते. "देखिए मयुरा जी, बाकी चारों पर स्टिकर था, इस पर नहीं था। एक ढक्कन रास्ते में टूट गया, नया लगाया। दूसरे पर साफ़ लिखा है, खाली। खोला तो सच में दो उंगल जगह खाली थी। अब खाली जगह तो ऊपर ही होगी न?" बिलकूल बरोबर. चिखल नळीत खाली बसतो, वर पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की टोपणावर तसं लिहून ठेवायची पद्धतच आहे. मी फोटोत ते टोपण पाहिलं. शब्द हिंदीत लिहिला होता, लॅब हिंदीत चालते, मी लहानपणापासून घराबाहेर हिंदीतच श्वास घेते. मी म्हणाले, "हां, बिल्कुल।" प्रश्न मिटला. लिपी एकच असल्याचा असा फटका बसतो. तोच शब्द कुणी इंग्रजीत लिहिला असता, तमिळमध्ये लिहिला असता, तर कुणीतरी विचारलं असतं की हे काय आहे. देवनागरीत होता, म्हणून सगळ्यांना तो आपलाच वाटला.

पुण्यात मावशीकडे मी सुट्टीला जायची, जायचे, तेव्हा एकदा पानावर बसल्या बसल्या म्हणाले होते, "मावशी, माझं पोट खाली आहे." मला भूक लागली होती एवढंच. माझा मावसभाऊ ऋग्वेद ताबडतोब टेबलाखाली वाकला आणि ओरडला, "कुठेय? दिसत नाही!" मग दुसरा वाकला, मग शेजारच्या मुली वाकल्या, सगळे टेबलाखाली माझं पोट शोधत होते आणि मी एकटीच वर बसले होते, आमटीच्या वाफेत, कान तापलेले. मावशी म्हणाली, "असू दे रे, दिल्लीची आहे ती." त्या 'असू दे'ने मला जेवढं लागलं तेवढं हसण्याने लागलं नव्हतं. आणि परत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले की खालच्या अंगणातल्या मुलींमध्ये मी 'मराठन' होते, जी 'पाणी' म्हणायची, 'पानी' नाही, आणि तेवढ्या एका ण-वर त्या दुपारभर हसायच्या. बाबा, सूर्यकांत नाव त्यांचं, मंत्रालयातून सायकलवर घरी येत, पाय धुवत आणि म्हणत, "दोन दगडांवर पाय ठेवू नये गं, मोरे." ते मला मोरे म्हणायचे, मयुराचं मोर. पण मला एक तरी पाय ठेवायला जागा कुठे दिली होती त्यांनी? एका दगडावर आई उभी होती, तिची तोंडात नीट घोळवलेली सदाशिव पेठी मराठी घेऊन, दुसऱ्यावर सगळी दिल्ली. मी मधल्या पाण्यात होते. पुढे शिकले, मोठी झाले, मराठी बोलायच्या आधी मनात एकदा तपासून घ्यायची सवय लागली, हिंदी बोलायच्या आधीही. माझ्या तोंडातून कुठलंच वाक्य कधी सरळ पळत आलं नाही. प्रत्येक जण आपल्या भाषेत घरी असतो, मी दोन्हीकडे पाहुणी.

पुलावरच्या त्या वाफाळ गर्दीत मी मांडीवर लॅपटॉप उघडला. पाचही तुकड्यांच्या चुंबकत्वाचा आलेख माझ्याकडे तयार होता, म्हणजे थरांत लोखंडाचे कण कुठे जास्त, कुठे कमी, याची एक लांब नागमोडी रेघ. दुसरा तुकडा संपून तिसरा सुरू होतो तिथे ती रेघ एकदम तुटते आणि भलतीकडून सुरू होते. तिसरा संपून चौथा लागतो तिथेही तसंच. हे दोन तुटके जोड मी स्वप्नातही पाहिले आहेत. मी तिसऱ्या तुकड्याची रेघ उचलली आणि उलटी केली. वरचं टोक तळाला, तळाचं वर. बोट बटणावरून उचलायला मला भीती वाटत होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी बोट उचललं आणि रेघ जुळली. वरच्या जोडाला जुळली. तळाच्या जोडाला जुळली. दुसऱ्या तुकड्यातून निघालेली वळणं तिसऱ्यात शिरली, आतून वाहत गेली आणि चौथ्यात उतरली, कुठेही न अडखळता. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मैडम, सब ठीक?" "सब ठीक, भैया. सब उल्टा है, इसलिए ठीक है." त्याने एसी वाढवला.

आणि लगेच ती दुसरी गोष्ट सुरू झाली, जी माझ्यात नेहमीच सुरू होते. कोण उलटवतं रेघा? जो बुडत असतो तो. आज शेरा बसणार, आज रॅक जाणार, आणि आजच सकाळी मॅडमना साखरेच्या डब्यातून साक्षात्कार होतो. मी परीक्षितच्या जागी असते तर मी काय म्हणाले असते? हेच, की डेटा मिळत नाही म्हणून डेटा पालथा केला. डेटा पालथा करून सुंदर दिसतो हा काही पुरावा नाही. कितीतरी खोट्या गोष्टी सुंदर दिसतात. मी घामेजले. एखादा शब्द घरात ऐकला म्हणून आठ वर्षांचा हिशोब फिरवायचा का? आणि तो शब्द लिहिणारा माणूस मराठी होता हे तरी कशावरून? जहाजावर काय सगळ्या प्रांतांतले लोक असतात. मग आठवलं की त्या सफरीचे प्रमुख होते विलास सर, तेव्हा गोव्याला होते, आता निवृत्त होऊन कोथरूडला राहतात, आणि भेटतील तिथे माझ्या मराठीची परीक्षा घेतात. मी फोन लावला.

"अरे वा, दिल्लीकर! सुधारली का मराठी?" "सर, एक विचारायचं होतं. तुमच्या सफरीतल्या त्या पाच मीटरच्या नळीच्या एका टोपणावर 'खाली' असं लिहिलंय. कोणी लिहिलं असेल?" "असेल काय, मीच. स्टिकर भिजून लगदा झाला होता एका तुकड्याचा. मार्कर घेतला आणि लिहून टाकलं. वरच्या बाजूला वर, खालच्या बाजूला खाली. का गं?" मी विचारलं, "सर, खाली म्हणजे काय?"  मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं, "मयुरा, बरी आहेस ना? खाली म्हणजे खाली. तळाची बाजू. दुसरं काय असणार?" मी म्हणाले, "सर, दिल्लीत दुसरं असतं." आणि मला इतकं हसू आलं की सांगताच येईना. सांगितल्यावर ते आधी हसले, मग एकदम थांबले आणि म्हणाले, "अरे देवा. आठ वर्षं?" मग म्हणाले, "पण माझ्या नुसत्या सांगण्यावर जाऊ नकोस. जहाजावर मी तीन दिवस झोपलो नव्हतो. चिखलालाच विचार." ते माझे मास्तर नव्हेत, पण त्या वाक्यापुरते झाले. कॅब पूल उतरली.

आमच्या कोल्ड स्टोरच्या दारावर कागद चिकटवला होता, 'रैक नंबर चार आज खाली करना है'. एरवी मी असल्या योगायोगांवर भाळत नाही, पण त्या दिवशी त्या कागदाला मी चक्क वाकुल्या दाखवल्या. आत गेल्यावर गारठ्याने चष्म्यावर धुकं धरलं. प्रत्येक तुकडा उभा चिरून त्याची एक बाजू कामाला वापरतात आणि दुसरी न शिवता राखून ठेवतात. मला राखलेल्या बाजू हव्या होत्या. दुसरा आणि तिसरा तुकडा मी स्वतः ओढून टेबलावर आणले, हातमोज्यांतून बोटं बधिर झाली. ओल्या मातीचा, किंचित कुजका, किंचित लोखंडी वास आला. हा वास मी घरी घेऊन जाते, आई म्हणते तुझ्या ओढणीला मासळीबाजार लागलाय. मी विचार करत होते, चिखलाला विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं? करवतीने दोन तुकडे केले तेव्हा दुसऱ्याचा तळ आणि तिसऱ्याचा माथा हे एकमेकांना चिकटलेले होते. एकाच घासाचे दोन भाग. त्यांच्या तोंडावर काहीतरी सारखं असणारच. पण कोण बघतं तोंडं? टोपणाखाली ती वाळून, लेप बसून काळपट होतात, नमुने नेहमी मधून घेतात. माझ्यामागे दार उघडलं. सक्सेना सर आणि परीक्षित, दोघांच्या अंगावर कोट. मीटिंग वर होती, पण मी येत नाही म्हटल्यावर ते बघायला आले होते.

"मयुरा जी, छोड़िए भी," परीक्षित म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच माया होती, ती मला जास्त झोंबली. "दर्द होता है, मैं समझता हूं।" सक्सेना सरांनी नुसतं टेबलाकडे पाहिलं. "क्या कर रही हैं आप?" मी सांगितलं. शब्द सांगितला, साखर सांगितली, विलास सर सांगितले. परीक्षितचा चेहरा आधी हसरा होता, मग 'खाली माने नीचे?' असं स्वतःशीच म्हणून तो थांबला. सर म्हणाले, "दिलचस्प है। पर मयुरा, यह सबूत नहीं है। यह लतीफ़ा है।" ते बरोबर होते, विनोद म्हणजे पुरावा नव्हे. मी त्यांचा मुळीच राग धरत नाही. मी पातं उचललं आणि दुसऱ्या तुकड्याच्या तळाचं तोंड खरवडायला घेतलं. काळी पापडी निघाली, खाली हिरवट राखाडी ओला चिखल, नितळ. काहीच नव्हतं. मी आणखी एक पापुद्रा काढला. माझे दात वाजत होते आणि ते थंडीने वाजतायत असं मी धरून चालले. मनात येत होतं की एवढ्या मोठ्या समुद्राने नेमक्या त्या एका करवतीच्या रेषेवर माझ्यासाठी काही ठेवलं असेल असं मानणं हाच केवढा उद्दामपणा आहे. आणि कडेला, पात्याला, काहीतरी टणक लागलं.

पांढरी कोर होती. नखाएवढी, वाकलेली. शिंपला, करवतीने आरपार कापलेला, आतली मोतिया पोकळी चिखलाने भरलेली. त्याची अर्धीच बाजू या तुकड्यात होती. मी तिसरा तुकडा फिरवला, त्याचं ते टोक पुढे घेतलं ज्याला आठ वर्षं आम्ही तळ म्हणत होतो, ज्याचं टोपण प्रवासात फुटलं होतं. वाटेत तो याच टोकावर उलटा उभा राहिला असणार, म्हणून टोपण फुटलं, चिखल इकडे सरकला आणि ती दोन बोटं पोकळी दुसऱ्या टोकाला राहिली. खरवडलं. पहिल्या पापुद्र्याला नाही. दुसऱ्याला पांढरं दिसलं. परीक्षित इतका जवळ वाकला होता की त्याच्या श्वासाची वाफ माझ्या हातावर येत होती. "रुकिए," तो म्हणाला, "मैं ब्रश लाता हूं," आणि त्यानेच ओल्या ब्रशने, स्वतःच्या हाताने, ती दुसरी कोर स्वच्छ केली. तीच जाडी, काठाशी तोच टवका, त्याच उंचीवर. आम्ही दोन्ही तुकडे टेबलावर सरकवत एकमेकांजवळ आणले, तो एका बाजूने, मी दुसऱ्या. फुटक्या बशीचे तुकडे जुळावेत तशी ती शिंपली बंद झाली.  "हे वर!" मी म्हणाले. मराठीत. दिल्लीतल्या लॅबमध्ये, मनात आधी तपासून न घेता, माझ्या आयुष्यातलं पहिलं सरळ पळत आलेलं वाक्य. "हे वर आहे, सर, आणि ते तिकडचं खाली! माझे थर खरं बोलत होते!" दोघांपैकी कुणालाच मराठी येत नाही. दोघांनाही कळलं.

परीक्षित सरळ उभा राहिला, ब्रश त्याच्या हातातच होता. "आठ साल मलबा बोला मैंने," तो म्हणाला. मी म्हणाले, "जी लगाके बोला." तो हसला नाही. त्याने मान वाकवली, लखनौची, पूर्ण. सक्सेना सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि शिंपलीवरून नजर उचलून ते तिसऱ्या तुकड्यावर आले, आता सुलट असलेल्या. मीही आत्ताच त्याच्याकडे बघत होते. आठ वर्षं हा तुकडा मला सांगत आला होता की पावसाळा एका फटक्यात मेला आणि हळूहळू, रडतखडत, हजार वर्षांनी बरा झाला. मला ती गोष्ट कधी आवडली नव्हती, पण आवडीनिवडीला आमच्या कामात जागा नसते. आता सुलट वाचलं तर खरी गोष्ट वेगळीच होती. काळे थर तळाकडून वर येताना हळूहळू विरत गेलेले, पातळ, फिकट, थकलेले, इतके सावकाश की त्या काळातल्या कुणालाच कळलं नसेल की काही संपतंय. आणि मग वर एक स्वच्छ रेघ. त्या रेघेनंतर काळा. दाट, ओला, चकाकणारा काळा. पाऊस परत आला होता. हळूहळू नाही. दणक्यात.

"लौटने में कितना वक़्त लगा होगा?" सरांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज शेरा मारायला आलेल्या माणसाचा नव्हता. मी फिकट आणि काळ्याच्या मधल्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. तो बरोबर अंगठ्याखाली मावला. आमच्या चिखलाचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे, मनातल्या मनात भागाकार तिघांनीही केला. "एक ज़िंदगी, सर," मी म्हणाले. "किसी ने बचपन में सूखा देखा होगा, और उसी ने बुढ़ापे में यह समंदर देखा।"  मग त्यांनी कोटाच्या खिशात गुंडाळून आणलेली शेऱ्याची फाइल परीक्षितच्या हातात दिली आणि म्हणाले, "रैक चार को कोई हाथ नहीं लगाएगा। और मयुरा, यह आप लिखेंगी। पहला नाम आपका।" ते गेले. परीक्षित दारापर्यंत जाऊन परत आला आणि त्याने विचारलं, 'वर'चं स्पेलिंग सांगा, टोपणावर लिहायचंय, पण या वेळी सोबत बाणही काढतो.

मी बाहेर अंगणात आले. ऊन अंगावर पडलं तशी बोटं दुखायला लागली, जिवंत होताना दुखतात तशी. कडुनिंबाखाली कारखान्यांच्या बसची वाट बघत लोक उभे होते, कुणी भोजपुरी बोलत होतं, कुणी बांगला, एक बाई फोनवर मल्याळममध्ये कुणाला तरी रागावत होती. इतकी वर्षं मी या गर्दीतून अंग चोरून गेले. पुण्यातल्या कुणाला त्या टोपणात दुसरा अर्थ दिसला नसता, दिल्लीतल्या कुणाला पहिला. दोन्ही दिसायला मी लागत होते, ही अशी, जशी आहे तशी, टेबलाखाली जिचं पोट शोधलं ती. मला बाबांना सांगावंसं वाटलं. ते नाहीत. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, लोकांनी बघितलं तर बघितलं. मग घरी फोन लावला.

"आई!" मी ओरडलेच. "आई, मी जिंकली!"

"जिंकले," आई म्हणाली. सवयीने. मग थांबली. "काय म्हणालीस? खरंच? त्या चिखलाचं?"

"हो, त्या चिखलाचं. उलटा होता तो, आई, मी बरोबर होते, पहिल्या दिवसापासून बरोबर होते. मी जिंकली, जिंकली, जिंकली!"

पलीकडे मग फोन खाली ठेवल्याचा खडखडाट, स्लिपरांचा आवाज, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईने अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शिवांगी! ए शिवांगी, बाहेर ये! ऐकलंस का, तुझी आई जिंकली!"

आणि ते व्याकरणातही बरोबर होतं.